पब क्विझला पहिल्यांदा जाताय? मग आधी एवढं वाचून जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकहून इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन काही महिने झालेत, ऑफिसमधल्या लोकांनी मंगळवारच्या पब क्विझला बोलावलंय, तुम्ही दारू पीत नाही, नॉनव्हेज खात नाही, इथल्या सीरियल्स, फुटबॉल, जुनी गाणी यातलं काही माहीत नाही, मग तिथे जाऊन नुसतं बसून राहायचं का, आणि जायचंच ठरवलं तर तयारी कशी करायची. आधी उत्तर देऊन टाकतो. जा. आणि एकदाच जाऊन बघू असं नको, सलग जा, त्याच पबात, त्याच लोकांबरोबर. मी इथेच यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं दर आठवड्याला क्विझ खेळतोय, आणि आमच्या पबात जिंकलेल्या टीमने पुढच्या आठवड्याचे प्रश्न काढायचे अशी पद्धत आहे त्यामुळे माइकच्या त्या बाजूलाही पुष्कळदा उभा राहिलोय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो, जरा लांबेल.

हे प्रकरण मुळात काय आहे ते आधी. पब क्विझ म्हणजे एमपीएससी नाही. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी आठ-साडेआठला सुरू होऊन दहा-साडेदहापर्यंत चालणारा गावातला कार्यक्रम आहे हा. शुक्रवार-शनिवार पब भरलेले असतात पण सोमवार ते गुरुवार लोक घरातच बसतात, म्हणून त्या दिवशी माणसं यावीत यासाठी पबवाल्यांनी हे उचलून धरलं. शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी १९७६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण भागात पबांसाठी क्विझ लीग चालवायचा व्यवसायच सुरू केला आणि पुढे ते लोण देशभर गेलं. २००९ च्या एका पाहणीत यूकेत दर आठवड्याला २२,००० हून जास्त पब क्विझ होतात असं निघालं होतं, म्हणजे तुम्ही कुठल्याही गावात राहा, चालत जाण्याच्या अंतरावर एखादी क्विझ सापडायची शक्यता चांगलीच आहे.

आता संध्याकाळ कशी जाते ते. आत गेल्यावर बारवर किंवा क्विझमास्तरकडे माणशी एक-दोन पाउंड द्यायचे, त्याबदल्यात उत्तरपत्रिकेचे कागद आणि एक पेन मिळतं, टीममध्ये जास्तीत जास्त सहा जण असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. टीमचं नाव काहीतरी विनोदी ठेवतात, तो त्यांचा जुना छंद आहे, तुम्ही फक्त हसायचं. सुरुवातीलाच पिक्चर राउंडचा कागद हातात देतात, त्यात नटनट्यांचे चेहरे, कंपन्यांचे लोगो, झेंड्यांचे तुकडे, नकाशातली बेटं असं काहीतरी, आणि तो कागद पहिल्या मिनिटाला हातात घेऊन कामाला लागायचं कारण क्विझ सुरू झाल्यावर त्याला वेळ मिळत नाही. मग जनरल नॉलेज, स्पोर्ट, म्युझिक, बातम्या असे पाच-सहा राउंड, प्रत्येकात दहा प्रश्न. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचतात. राउंड झाला की शेजारच्या टेबलाशी कागद बदलायचे आणि एकमेकांचे तपासायचे, मध्ये बाथरूमला आणि बारवर जायला सुट्टी, आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी एक जॅकपॉट असतो ज्यात कोणी जिंकलं नाही तर पैसे पुढच्या आठवड्यात जमा होत जातात.

जोकर म्हणून एक गोष्ट असते. एका राउंडला जोकर लावला की त्या राउंडचे मार्क दुप्पट, पण राउंड सुरू व्हायच्या आधी सांगावं लागतं. बहुतेक टीम त्यांच्या एका हुशार माणसाच्या आवडत्या विषयावर जोकर लावतात आणि तिथेच फसतात, कारण तो माणूस अडला की सगळेच अडले. टेबलावरच्या तिघाचौघांना थोडं थोडं येतं अशा विषयावर लावा, भूगोल किंवा विज्ञान असेल तर उत्तम.

आता तुमची मुख्य भीती. इथलं काही माहीत नाही. खरं आहे, आणि काही प्रश्न तुमच्या डोक्यावरून जाणारच, ख्रिसमसच्या आठवड्यात कुठलं गाणं नंबर वन होतं, कुठल्या सीरियलमधल्या पबचं नाव काय, एफए कप फायनलमध्ये गोल कोणी मारला. ते जाऊ द्या. ते सांगायला टेबलावर पाच माणसं आहेत. त्यांना ज्याची गरज आहे ते म्हणजे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नाही असं काहीतरी, आणि ते तुमच्याकडे ढिगाने आहे, फक्त ते क्विझचं ज्ञान आहे हे तुम्हाला अजून कळलेलं नाही.

उदाहरणं देतो, सगळी आपल्याकडची. इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला, पोर्तुगालच्या कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झाशी लग्न ठरताना १६६१ च्या करारात हुंड्यात कुठलं शहर मिळालं? आपल्याला चौथीपासून माहीत आहे, मुंबई. इथल्या माणसाला कॅथरीन माहीत असते, हुंडा माहीत नसतो. वेलिंग्टन, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, त्याने स्वतःची सर्वात चांगली लढाई कुठली मानली? असई, सप्टेंबर १८०३, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध, आणि ते असई आपल्या जालना जिल्ह्यात आहे. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारला जन्मला हे इथे सगळ्यांना येतं, पण तो शाळेला कुठे होता म्हटलं की टेबल गप्प, आणि तो होता पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. स्पाइक मिलिगन, इथला फार मोठा विनोदी लेखक-नट, १९१८ मध्ये जन्मला अहमदनगरला, आताचं अहिल्यानगर. किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत. क्लिफ रिचर्ड लखनौला, ऑर्वेल मोतिहारीला, व्हिव्हियन ली दार्जिलिंगला, जोआना लमली श्रीनगरला. ‘भारतात जन्मलेले ब्रिटिश’ हा इथल्या प्रश्न काढणाऱ्यांचा फारच लाडका विषय आहे, एक संध्याकाळ बसून ती यादी पाठ केलीत तर वर्षभर पुरेल. शिवाय दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून खासदार झाले ते, आणि लंडनमधलं पहिलं भारतीय रेस्टॉरंट १८१० मध्ये शेख दीन मुहम्मद यांनी काढलं ते, आणि बॅडमिंटनचं एक जुनं नाव पूना होतं ते. क्रिकेट तर सांगायलाच नको, ब्रॅडमनची ९९.९४ सरासरी, लेकरच्या १९५६ मधल्या ओल्ड ट्रॅफर्डच्या १९ विकेट, लाराचे नाबाद ४००, हे आपल्या डोक्यात कायमचं बसलेलं असतं आणि इथल्या तरुण मुलांना क्रिकेट फारसं येत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. पूर्ण उत्तर माहीत असलेला माणूस क्विझमध्ये क्वचितच लागतो. क्विझ चालते ती अर्धवट माहितीवर. एकाकडे एक तुकडा, दुसऱ्याकडे दुसरा, आणि ते दोन्ही तुकडे कोणीतरी मोठ्याने बोलल्याशिवाय जुळत नाहीत. प्रश्न घ्या, स्कॉटलंडमधल्या एका खेड्याच्या नावावरून कुठल्या मूलद्रव्याचं नाव पडलं? तुम्हाला खेडं माहीत असायचं काही कारण नाही. पण बारावीला क्लासमध्ये ‘बेटा माँगे कार स्कूटर बाप राजी’ घोकलेलं असतं, बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम, आणि तुम्ही नुसती ती नावं ओळीने म्हणायला लागलात की टेबलावरचा स्कॉटिश माणूस स्ट्रॉन्शियमला थांबवणार, कारण तिकडे हायलँड्समध्ये स्ट्रॉन्शियन नावाचं गाव आहे. उत्तर त्याचंही नाही आणि तुमचंही नाही. तुम्ही ‘मला हे माहीत नाही’ म्हणून गप्प बसला असतात तर तो मार्क गेला असता, आणि आपली माणसं नेमकी इथेच गप्प बसतात. आपल्याला शाळेत सवय लागलेली असते की खात्री असेल तरच हात वर करायचा, चुकलं तर वर्ग हसतो. क्विझच्या टेबलावर चुकलेल्या अंदाजाला कोणी हसत नाही, उलट तुमचा चुकीचा अंदाज ऐकून दुसऱ्याला बरोबर आठवतं असं प्रत्येक आठवड्याला घडतं. तेव्हा ‘मला नक्की माहीत नाही, पण’ अशी सुरुवात करून जे डोक्यात आलं ते बोला. आणि किती खात्री आहे तेही सांगा, साधं, ‘पक्कं’, ‘बहुतेक’, ‘नुसता अंदाज’, कारण लिहिणाऱ्याला दोन उत्तरांतून एक निवडायचं असतं आणि त्याला तुमच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

अजून एक, आणि हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. प्रत्येक टेबलावर एक मोठ्या आवाजाचा माणूस असतो. तो वाईट नसतो, उत्साही असतो, पण प्रश्न संपायच्या आत त्याने उत्तर सांगितलं की बाकीच्यांची डोकी तिथेच थांबतात, आणि कोपऱ्यातल्या कोणीतरी हळू आवाजात बरोबर उत्तर सांगितलेलं असतं ते कागदावर जातच नाही. यावर उपाय सोपा आहे, बिअरच्या ग्लासखाली ठेवायचे ते पुठ्ठ्याचे मॅट टेबलावर पडलेलेच असतात, आपलं उत्तर आधी त्यावर लिहायचं आणि लिहिणाऱ्यासमोर सरकवायचं. यात शेजारच्या टेबलाला ऐकूही जात नाही. उत्तर हळू बोलणं किंवा लिहून दाखवणं हा इथला शिष्टाचारच आहे, उत्साहात ‘कॅनबेरा!’ असं ओरडलात तर चार टेबलांना मार्क वाटलेत म्हणून समजा.

आता माइकच्या बाजूने. प्रश्न काढणारा माणूस तुम्हाला हरवायला बसलेला नसतो, त्याला हवं असतं की दहातले सहा-सात प्रश्न बहुतेकांना यावेत आणि दोन-तीनवर टेबलांमध्ये चर्चा व्हावी. म्हणून तो प्रश्नात मुद्दाम धागा सोडतो. ‘जगातलं सर्वात मोठं उष्ण वाळवंट’ म्हटलं तर सहारा, नुसतं ‘सर्वात मोठं वाळवंट’ म्हटलं आणि तो जरा हसला तर अंटार्क्टिका. प्रश्नातला प्रत्येक शब्द कामाचा असतो, ‘एकमेव’, ‘पहिला’, ‘अजूनही’, हे कानावर पडलं की थांबायचं. लंडन ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, कुठलं स्टेशन असं आहे ज्याच्या इंग्रजी नावात मॅकरेल या माशाच्या स्पेलिंगमधलं एकही अक्षर नाही, हा इथला पिढ्यान् पिढ्या चाललेला प्रश्न, उत्तर सेंट जॉन्स वुड, हे कोणी शोधून काढत नाही, पाठच असतं. असे पन्नास-साठ जुने खांब आहेत ज्यांच्यावर प्रत्येक पबची क्विझ उभी असते, ते एकदा कळले की निम्मी लढाई झाली.

पण लक्षात ठेवा, लिहायचं ते क्विझमास्तरच्या कागदावर असेल ते. हे नव्या माणसाला फार खटकतं, मलाही खटकायचं. खूप प्रश्नसंच जुने असतात. शनीचे चंद्र जास्त की गुरूचे, हे उत्तर संशोधन होईल तसं मागेपुढे झालंय. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये बदलून नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना झालं. स्वाझिलँड २०१८ मध्ये इस्वातिनी झाला. प्लूटो २००६ पासून ग्रह नाही. अशा प्रश्नाला शक्य असेल तर दोन्ही नावं लिहा, ‘इस्वातिनी, पूर्वीचं स्वाझिलँड’, असं. मार्क देताना हरकत घ्यायची असेल तर एकदाच, शांतपणे, जाऊन सांगायचं, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला. क्विझमास्तरचा निर्णय अंतिम हा नियम भिंतीवर लिहिलेला असो नसो, त्याच्यावरच सगळं चालतं, आणि एका मार्कासाठी वाद घालणाऱ्या टीमला लोक बरीच वर्षं लक्षात ठेवतात.

तुम्ही कॉलेजात क्विझिंग केलं असेल तर एक फरक आधीच सांगतो. आपल्याकडे १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात पहिली ओपन क्विझ घेतली तिथून एक वेगळीच परंपरा तयार झाली, पुण्यात सीओईपीचा बोट क्लब क्विझ क्लब घ्या किंवा बंगळूर-हैदराबादचे क्लब घ्या, तिथे प्रश्न म्हणजे पाच-सहा ओळींची गोष्ट असते, माहीत नसलं तरी डोकं लावून उत्तरापर्यंत पोचता येतं, पाउन्स असतो, म्हणजे आपली पाळी नसताना धोका पत्करून उत्तर लिहून द्यायचं, बाउन्स असतो, म्हणजे एका टीमला आलं नाही की प्रश्न पुढच्या टीमकडे जातो. इथे प्रश्न एका ओळीचा. आलं तर आलं. सुरुवातीला हे कोरडं वाटेल, पण यात एक मोठी सोय आहे, की ज्याने आयुष्यात कधी पुस्तक उघडलं नाही असा माणूससुद्धा इथे बरोबरीने खेळतो. आमच्या टेबलावर एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, सत्तरी उलटलेली, त्यांना १९६० आणि ७० च्या दशकातलं प्रत्येक गाणं पहिल्या दोन सेकंदात ओळखता येतं, आणि ते राउंड संपल्यावर गाणं आलं तेव्हा ते कुठल्या रूटवर होते ते सांगतात. टीम जमवताना हेच बघायचं असतं, सगळे एका वयाचे आणि एका ऑफिसचे नकोत. तुमची टीम सगळी आयटीवाल्यांची असेल तर विज्ञानात दहापैकी दहा आणि म्युझिकमध्ये दोन येतील. कोणाचे आईवडील, कोणी शेजारी, कोणी कॉलेजात शिकणारी भाची, कोणालातरी ओढून आणा.

तयारी. करा, पण पुस्तकं विकत घेऊन बसू नका. सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे क्विझ संपल्यावर जे प्रश्न चुकले तेवढेच फोनमध्ये लिहून ठेवणं, कारण एका पबात प्रश्न काढणारी माणसं तीच ती असतात, त्यांचे आवडते विषय ठरलेले असतात आणि सहा महिन्यांत ती फिरून तिथेच येतात. आमच्याकडे ज्यांना पक्षी आवडतात त्यांच्या आठवड्याला पक्ष्यांचे दोन प्रश्न येणार म्हणजे येणारच. दुसरं, छोटे बंद संच पाठ करा, म्हणजे ज्यांना सुरुवात-शेवट आहे असे. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या क्रमाने. स्नूकरच्या चेंडूंचे मार्क, लाल एक, पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात, आणि ‘मॅक्सिमम’ म्हणतात तो ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले मार्क, १४७. डार्ट्समध्ये २० च्या दोन्ही बाजूला १ आणि ५, आणि सर्वात मोठं चेकआउट, म्हणजे तीन बाणांत संपवता येणारा सर्वात मोठा आकडा, १७०. स्क्रॅबलमध्ये क्यू आणि झेड दहाचे. लंडनच्या मोनोपॉली बोर्डावर थेम्सच्या दक्षिणेला असलेली एकच जागा, ओल्ड केंट रोड. दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटिश पंतप्रधान. ॲबा या बँडने युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा १९७४ मध्ये जिंकली, ब्रायटनला. हे सगळं दोन आठवड्यांत होतं आणि त्यानंतर इथल्या लोकांना तुम्ही परके वाटत नाही, कारण ही त्यांची बालपणीची माहिती आहे.

तिसरं, टीव्ही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आयटीव्हीवर द चेस आणि बीबीसीवर पॉइंटलेस लागतं, स्वयंपाक करताना चालू ठेवा, इथले प्रश्न कसे विचारतात त्याचा कान तयार होतो. युनिव्हर्सिटी चॅलेंज बघा पण ते बघून घाबरू नका, पबात तेवढं अवघड कोणी विचारत नाही. आणि क्विझच्या आदल्या रविवारी त्या आठवड्याच्या बातम्या एकदा चाळा, विशेषतः कोण गेलं ते, कारण प्रश्न काढणारा सोमवारी रात्री बसून तेच चाळत असतो.

टायब्रेकबद्दल एक सांगतोच कारण हे कोणी करत नाही. बरोबरी झाली की आकड्याचा प्रश्न येतो, अमुक पुलाची लांबी किती, अमुक सिनेमा किती मिनिटांचा, जो जवळ जाईल तो जिंकला. बहुतेक टेबलांवर एकजण आकडा बोलतो आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूला थोडं कमीजास्त करतात. तसं करू नका. सहाही जणांनी न बोलता आपापला आकडा लिहायचा, मग लहान ते मोठा लावून मधल्या दोन आकड्यांच्या मधोमधचा घ्यायचा. १९०६ मध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा होती, त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर तपासल्या, मधला अंदाज १,२०७ पाउंड निघाला आणि खरं वजन १,१९८, म्हणजे एक टक्क्याचाही फरक नाही. सहा माणसांत एवढं अचूक येणार नाही हे मान्य, पण एका मोठ्या आवाजाच्या माणसापेक्षा चांगलं नक्की येतं.

फोन. खिशात. बाहेर काढायचाच नाही, घरून मेसेज आला असेल तर उठून बाहेर जाऊन बघा. काही पबांत आता फोनवरच बझर दाबून खेळायची क्विझ असते, तिथे गोष्ट वेगळी, पण कागदाच्या क्विझमध्ये बाथरूममध्ये जाऊन शोधणारी किंवा म्युझिक राउंडला टेबलाखाली ॲप लावणारी माणसं सगळ्यांना बरोबर कळतात. बक्षीस म्हणजे पंचवीस-तीस पाउंडांचं बारचं व्हाउचर किंवा जमलेले पैसे, कधी ते गावातल्या धर्मादाय कामाला जातात. त्यासाठी दोनशे माणसांच्या गावात नाव घालवणं मला अजिबात समजत नाही आणि याबाबतीत मी फार कडक आहे, आमच्या टेबलावर कोणी असं केलं तर त्याला परत बोलावलं जात नाही.

दारूचं. कोणीही विचारत नाही, खरंच. बारवर जाऊन लाइम अँड सोडा मागा, सगळ्यात स्वस्त असतो, किंवा जिंजर बिअर, तिच्यात दारू नसते पण एकदा विचारून घेतलेलं बरं कारण काही ब्रँडच्या दारूवाल्याही मिळतात. बिनअल्कोहोलच्या बिअर आता जवळपास प्रत्येक पबात असतात. टेबलावर वेटर येत नाही, बारवर स्वतः जाऊन मागायचं, आणि एकाने सगळ्यांची ड्रिंक आणायची मग दुसऱ्याने, अशी राउंडची पद्धत असते, सहा जणांत तुम्ही सोडाच पिणार असाल तर सुरुवातीलाच ‘मी माझं माझं घेतो’ म्हणून सांगा, त्यात कोणाला काही वाटत नाही. मात्र एखाद्या आठवड्यात सगळ्यांसाठी चिप्सच्या दोन प्लेट मागवा, ते फार लक्षात राहतं. आणि तुम्ही शाकाहारी आहात म्हणून हे महत्त्वाचं, यॉर्कशरमध्ये बऱ्याच ठिकाणी, फिश अँड चिप्सच्या दुकानात तर सर्रास, चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये म्हणजे गाईबैलाच्या चरबीत तळतात, पबात बहुधा तेलच असतं पण किचनला विचारल्याशिवाय खाऊ नका, विचारलं की सरळ सांगतात. स्क्रॅचिंग्ज म्हणून पाकीट मिळतं ते डुकराच्या कातड्याचं असतं. किचन नऊच्या आसपास बंद होतं म्हणून जेवायचं असेल तर क्विझच्या आधी.

तुम्ही विचारलं नाहीये पण मला सांगावंसं वाटतं. इथे आल्यावर आपण महाराष्ट्र मंडळात जातो, गणपतीला जातो, लंडनचं मंडळ तर १९३२ पासून आहे, आणि ते हवंच. पण तिथे आपलीच माणसं भेटतात. ज्या गल्लीत राहतो तिथली माणसं भेटायला इथे दुसरी जागाच नाही, कोणी कोणाच्या घरी असंच जात नाही, बसस्टॉपवर हवामानापलीकडे बोलत नाही. क्विझमध्ये बोलायला विषय आयता समोर ठेवलेला असतो, तोही दर दोन मिनिटांनी नवा, त्यामुळे लाजाळू माणसाचं सगळ्यात जास्त भलं होतं. प्लंबर कोण चांगला, मुलांना कुठली शाळा, बॉयलर बंद पडला तर काय, हे मला सगळं दोन राउंडच्या मधल्या सुट्टीत कळलंय. आणि एखाद्या मंगळवारी गेलो नाही तर कोणीतरी दार वाजवून तब्येत विचारतं, गावापासून इतक्या लांब राहून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पहिल्या मंगळवारी साडेसातला पोचा, टेबलं लवकर जातात. लिहायचं काम अंगावर घेऊ नका, इथल्या नावांची स्पेलिंग अजून सरावाची नाहीत आणि लिहिताना विचार करता येत नाही. पिक्चर राउंडचा कागद मात्र मागून घ्या. ऑफिसच्या टीममध्ये आधीच सहा जण झाले असतील तर हिरमुसून घरी जाऊ नका, क्विझमास्तरला सांगा की मी एकटा आहे, तो दोघातिघांच्या एखाद्या टीममध्ये तुम्हाला बसवून देतो, त्यांना माणूस हवाच असतो. मिसेसना आणायचं असेल तर खुशाल आणा. मुलं असतील तर आधी फोन करून विचारा, काही पब संध्याकाळी आठनंतर मुलांना थांबू देत नाहीत.